हिरव्यावरचा गुलाबी

संत लूकचा सण
सिएनात पोचलो. उस्ताद बाल्दोनं विचारलं, कुणाचा रे तू? म्हटलं, अनाथालयाचा. तर म्हणाला, बरं झालं, आईकडे पळून जायचा नाहीस. मीच जास्त हसलो. काम झकास आहे. रंग घोटायचे, ते बलकात कालवायला अंडी फोडायची. चित्रातल्या बाळाच्या कांतीला शहरी कोंबडीचा फिका बलक लागतो, म्हाताऱ्यांना गावठीचा तांबूस. उरलेलं आमच्या पोटात, चेस्टनटच्या भाकरीबरोबर.

चित्र वेदीसाठी आहे, मारियामाता आणि बाळ येशू. उस्तादाची विधवा सून लापा तिच्या तान्ह्या नूतोला मांडीवर घेऊन समोर बसते.

मंगळवार
चित्रातल्या दोघांच्या अंगाला हिरवी माती लावली. रीतच आहे, हिरव्यावर गुलाबी चढवला की कातडी जिवंत दिसते. लापा म्हणाली, अगबाई, हे तर बुडालेलं पोर. म्हटलं, थांबा वहिनी, लाली आणतो.

शुक्रवार
बाळाच्या गालांवर पहिला थर दिला. उस्ताद म्हणाला, अनाथालयाची मेंढरं राखणारा हात वाटत नाही. नूतो दूध पीत नाही. दात येत असतील.

सोमवार
दुसरा थर. चित्रातलं बाळ टवटवीत दिसतंय. नूतोच्या कानामागे हिरवट डाग आहे. लापा माझ्यावर डाफरली, रंगाचे हात लावू नकोस. मी पोराला शिवलोही नव्हतो. डाग पुसून जात नाही.

बुधवार
चित्रात लाली चढते तेवढी नूतोची उतरते. उस्तादाला सांगितलं. पाळण्याकडे न बघता म्हणाला, नाताळ तोंडावर आलाय, गुलाबी घोट.

गुरुवार, सकाळ
नूतो रडतही नाही आता. ओठ हिरवे. उस्ताद पाद्र्याकडे गेलाय. सुरी घेतली. चित्रातलं बाळ खरवडून काढलं, पार फळीवरच्या पांढऱ्या लेपापर्यंत. पाळण्यात नूतो रडला. गाल लाल. लापा माझे हात धरून—

दुपार
मारियेची मांडी रिकामी. तिची नजर खाली होती, आता पाळण्यावर. लापाला म्हटलं, पोराला घेऊन नीघ वहिनी, दार बाहेरून लाव. गेली.

मारियेचे हात फळीबाहेर आलेत. दाराकडे. मी आडवा उभा आहे.

म्हटलं, त्याला आई आहे. मला नाही.

थांबली. हात माझ्याकडे वळले.

माझी नखं हिरवी झालीत— मनगटही— तिची मांडी उबदार आहे, मला असं कुणी कधी—