वाफ पडू देऊ नकोस

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. मेहुणा म्हणाला होता, हे काम बघशील तर घड्याळं विसरशील. मला वाटलं, नेहमीसारखी फेकतोय. पण या खेपेला पठ्ठ्या खरं बोलला.

बाहेरच्या खोलीत लांबच लांब टेबलावर वाफेचं इंजिन उभं आहे. खेळणं नव्हे. जुन्या मालगाडीच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, माणूस शेजारी आडवा झोपला तर बरोबरीनं येईल एवढी लांब. तांब्याचा बॉयलर, पितळेचा घुमट, मोहरीएवढे रिव्हेट. भट्टीचं दार नखानं उघडतं. मागच्या डब्यात खरा कोळसा, वाटाण्याएवढे तुकडे करून भरलेला. मी कितीतरी वेळ नुसता भोवती फिरत राहिलो. डोळ्यांचं पारणं फिटलं.

ज्यांनी ते घडवलं, त्यांना सगळी गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणते. उभा जन्म याच जातीच्या इंजिनावर गेला. आता हात इतके कापतात की कप बशीवर नाचतो. राहिलंय ते बारीक काम: पाण्याचा पंप, वाफेच्या दाबाचा काटा आणि शिट्टी. बारीक आटे म्हणजे आम्हा घड्याळजींचा रोजचा धंदा.

मला मागची खोली दिली आहे. धुतलेली चादर, खिडकीत ऊन. ही गेल्यापासून आज प्रथमच पिशवी सोडताना मी शीळ घालत होतो. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची सून. केस पिकलेत, बोलणं कमी. जेवायला वाढताना एवढंच म्हणाल्या, भाऊ, घाई करू नका. मी हसून म्हटलं, वहिनी, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला कसली घाई? त्या हसल्या नाहीत.

६ नोव्हेंबर

दाबाचा काटा बसवला. तबकडी शर्टाच्या बटणाएवढी, पण आकडे वाचता येतात, धोक्याची लाल रेघही ठळक दिसते. ड्रायव्हरसाहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, मिस्त्री, तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं. पण माझ्याकडे पितळच आहे, तेवढ्यावर भागव. खूश आहेत. जेवताना घास हातात तसाच ठेवून चढावर गाडी कशी घ्यायची ते सांगत बसतात.

मी सहज विचारलं, साहेब, इंजिनात माणसं का नाहीत? ड्रायव्हर, फायरमन, दोन पुतळे उभे केले तर काय शोभा येईल! त्यांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, एकजण आहे की.

वहिनी पाणी आणायला म्हणून उठल्या, त्या परत आल्याच नाहीत.

९ नोव्हेंबर

कोळसा कमी झालाय. डबा काठोकाठ भरलेला मी पाहिला होता, आता मध्ये खळगा पडलाय. वहिनींना विचारलं, उंदीर आहेत का घरात? म्हणाल्या, असतील.

दुपारी बॉयलरला हात लागला तर कोमट. खिडकीतून ऊन येतं, तांबं तापणारच. पण ऊन तेव्हा भिंतीवर होतं, टेबलावर नव्हतं. असो. पंपाचा दट्ट्या घासून झाला.

वहिनी रोज दुपारी शिवण घेऊन त्या खोलीत बसतात. सुईत दोरा असतो, पण टाका काही पडत नाही.

१२ नोव्हेंबर

आज कानांनी ऐकलं. आधी खरखर, मग क्षणभर काही नाही, मग भट्टीचं दार लागल्याचा आवाज. पुन्हा खरखर. कोळशात फावडं घालताना होतो तसा, फक्त फार बारीक. मी वाकून दाराच्या फटीतून पाहिलं. आत लाल होतं. मी हबकून मागे झालो आणि स्टुलासकट पडलो.

वहिनींनी मला उठवलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग त्या बोलल्या. इतक्या सावकाश की जणू कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये.

त्यांचे यजमान वडिलांच्याच इंजिनावर फायरमन होते. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. एका दुपारी सिग्नल मिळेना, म्हणून ड्रायव्हरसाहेब चौकशीला खाली उतरले. उतरताना पोराला सांगून गेले, वाफ पडू देऊ नकोस. पंप अडकला होता. बॉयलरमधलं पाणी संपत आलेलं. पोरगा वडिलांचा शब्द मानून आगीवर कोळसा टाकत राहिला. बॉयलर फुटला. घरी आणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे त्याच इंजिनाचं रूप. बॉयलरच्या पत्र्याचा शेवटचा जोड बसला, त्या दुपारपासून आवाज यायला लागला. वहिनी म्हणाल्या, मामंजींना वाटतं, एकदा पूर्ण वाफेवर आणलं की आपली हाक त्याला ऐकू जाईल. आग काढ आणि खाली उतर, एवढंच त्याला सांगायचंय.

मी विचारलं, आणि तुम्हाला काय वाटतं? म्हणाल्या, मला काही नको, भाऊ. आवाज येतोय तेवढं पुरे. म्हणून तर म्हटलं, घाई करू नका.

१३ नोव्हेंबर

पिशवी भरली होती. पुन्हा सोडली. माझी बायको गेली तेव्हा तिचा श्वास थांबल्यावरही मी तिच्या छातीला कान लावून बसलो होतो. या बाईला वेडी कोणत्या तोंडानं म्हणू?

१५ नोव्हेंबर

पंप बसवला. वहिनींच्या डोळ्यांकडे न पाहता बसवला. म्हटलं, निदान पाणी तरी मिळू दे त्याला.

सकाळी बॉयलर भरला. दुपारी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत थेंब नाही. टेबल कोरडं, जमीन कोरडी. पुन्हा भरला, पुन्हा तेच. आणि खरखर वाढलेली, घाईची.

शिट्टी अजून टेबलावर सुटी पडली आहे. तिच्या भोकातून आवाज आला. शिट्टीचा नव्हे. माणसाचा. पाणी, म्हणाला.

१६ नोव्हेंबर

ड्रायव्हरसाहेबांनी आज आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. इस्त्रीचा जुना गणवेश घातला होता, टोपीसुद्धा. दारातून म्हणाले, सूनबाई, त्याला घेऊनच येतो. आतून कडी लावली.

आम्ही बाहेर उभे. ते बोलत होते, लहान मुलाला समजवावं तसं. पुरे बाळा, मी चुकीचं सांगितलं होतं, टाक ते फावडं, ये. मग वाफेचा मोठा फुत्कार. मग काहीच नाही.

दार फोडलं. खुर्चीत बसलेले होते. गेले होते. हाताचे तळवे कोळशानं काळे, आणि बोटं मुठीत, काहीतरी धरल्यासारखी वळलेली.

१८ नोव्हेंबर

सगळं आटोपलं. लोक येऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

इंजिन थंड आहे. वहिनी रडल्या, पण रडून झाल्यावर चेहरा मोकळा वाटला. म्हणाल्या, दोघं भेटले, सुटले. आता याचे भाग सुटे करून टाका, भाऊ.

उद्या करतो.

१९ नोव्हेंबर

पहिला बोल्ट सैल केला आणि—

दोन फावडी. एक झपाझप, एक थकलेलं, कापऱ्या हातांचं. एकामागून एक.

ते त्याला आणायला गेले होते. आणता आलं नाही. आता दोघंही तिथंच आहेत, त्याच दुपारी, पाणी संपत आलेलं—

मी वहिनींना सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. दारात उभ्या होत्या.

२० नोव्हेंबर

त्या सुटं करू देत नाहीत. इंजिनावर आडव्या पडल्या. म्हणतात, हे मोडलं तर दोघं जातील कुठं? आहे का तुमच्याकडे उत्तर?

मी बोल्ट पुन्हा आवळला.

बादली आणून ठेवली आहे. पाणी ओततोय. राहत नाही.

२१ नोव्हेंबर

काटा चढतोय. विस्तव नाही, काडी ओढली नाही, आणि काटा चढतोय. जादा वाफ सोडायचा व्हॉल्व्ह अडकलाय. पकडीनं धरला तर पक्कडच तापून हातातून सुटली. बोटांना फोड आलेत, अक्षर वाईट येतंय.

आगीचा बंब बोलावलाय. शेजाऱ्यांना लांब केलंय. वहिनी हलत नाहीत. दोनदा ओढलं, दोनदा हात सोडवून परत गेल्या. आता मी दारात उभा राहून लिहितोय. दुसरं काय करू, कळत नाही—

बॉयलरला गाल लावून बसल्यात. गाल भाजतोय, तो वास इथवर—

काटा लाल रेघेवर.

फावडी थांबली. दोन्ही.

वहिनी हसल्या. पहिल्यांदाच बघतोय हसताना. म्हणतात, भाऊ, त्यांनी ओळखलं मला. मी ओरडून विचारलं, काय म्हणतायत? म्हणतात, लांब हो म्हणतायत. लांब हो, लांब हो, बाप-लेक दोघंही ओरडतायत.

मग व्हा ना, वहिनी!

मान हलवतात. म्हणतात, किती वर्षांनी हाक मारली, अशी कशी उठू—

माझ्या बायकोनं हाक मारली असती तर मी तरी उठलो असतो का.

काटा रेघेच्या पलीकडे. चादर ओली करून अंगावर घेतलीय, आत जातो, या वेळी सोडणार नाही, दोन्ही हातांनी धरून