चालत्या स्टुडिओचे पाय

मी, हाजा रोस्माला, वय एकोणऐंशी, धंदा रेशीम विणणे, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. या घरात दडपण माझंच असतं. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

घर आणि भातशेत शरियतीप्रमाणे मुलगा बाहारुद्दीन याला. पण एक तृतीयांश मिळकत मर्जीने देण्याचा हक्क मला आहे आणि तो मी वापरणार.

अंगणातला विणकामाचा स्टुडिओ माझी सून हसनाती हिला. बाहारने तलाक दिला म्हणून ती सून उरली नाही, हे शिकवायला मला कोणी येऊ नये. तो स्टुडिओ आम्ही दोघींनी कोळशाने फळ्यांवर आखला. छपरावर सोलर पॅनेलं, मागावर पाच दिवे, सरकारी तारेशी संबंध नाही. तिने आधी सगळी पॅनेलं एकाच बाजूला आखली होती. मी ओरडले, "अगं बये, उचलल्यावर कलंडेल ना!" मग दोन्ही बाजूंना सारखी वाटली, बॅटऱ्या मधोमध घेतल्या. खांब जमिनीत पुरले नाहीत, दगडांवर नुसते टेकवले. तलाव चढला की आम्ही अख्खी लाकडी घरं बांबू लावून चाळीस खांद्यांवर उंच जागी नेतो. पुरलेलं घर कोण उचलणार?

हसनाती माहेरी निघाली तेव्हा मी गावासमोर शब्द दिला, "शुक्रवारी स्टुडिओ तुझ्या अंगणात येईल." गुरुवारी मी बाजारात गेले आणि या दिवट्याने सहाही खांबांभोवती सिमेंट ओतलं! वर तोंड करून म्हणतो, "आई, मजबूत केलं." मजबूत? अरे मेल्या, चालत्या घराचे पाय बांधलेस! चाळीस माणसं मी तळलेली केळ्याची भजी खाऊन, बांबू घेऊन तशीच परत गेली. मला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

म्हणून छिन्नी आणि मोठा हातोडा बाहारला. सिमेंट त्याने स्वतः फोडावं, मजूर लावू नये. फोडलं नसेल तर माझ्या जनाज्याला त्याचा खांदा नको. त्याने मागून चालावं. दफनानंतर कोणी घरी जाऊ नये. तेच खांदे स्टुडिओला लागतील.

ताजा कलम: हे साक्षीदारांना वाचून दाखवताना बाहार दारात उभा होता. म्हणाला, "आई, छिन्नी आत्ताच दे." दिली. पण वरचा एकही शब्द खोडत नाही. सहापैकी एकच खांब मोकळा झालाय.

लिहून देणार: हाजा रोस्माला (सही)
साक्षीदार: इमाम ला सेनोंग (सही), घर उचलणाऱ्यांचा मुकादम ला बेद्दू (अंगठा)
स्थळ: तेम्पे तलावाकाठ, दक्षिण सुलावेसी
दिनांक: ९ ऑगस्ट २०२२