तिपाईच्या मापाचे बारा कोट

सोमवार, ४ नोव्हेंबर

कुत्र्यांचे कोट! वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, आता कुत्र्यांचे कोट शिवायचे. मखमल, आत मऊ अस्तर, वर चकचकीत बटणं. पाळीव प्राण्यांचं दुकान चालवतात त्या मॅडम आज स्वतः कापड घेऊन घरी आल्या. पहिले बारा, मध्यम मापाचे, पुढच्या सोमवारी हवेत. थंडी पडली की लोक तुटून पडतात म्हणे. एका कोटाची किंमत ऐकली आणि स्टुलावरून पडायचीच बाकी राहिले. माझ्या अंगावर जन्मात एवढ्याचं कापड पडलं नाही!

आणि तिकडे आमची ताई. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टाकून दिलेली चौदा कुत्री सांभाळते. कोणी म्हातारं झालं म्हणून सोडलेलं, कोणी मालकाने घर बदललं म्हणून. आता जागामालक अडून बसलाय. ३१ डिसेंबरच्या आत दुप्पट भाडं, तेही तीन महिन्यांचं आगाऊ, नाहीतर जागा सोडा. गाड्या धुणारा एक जण टपलेलाच आहे. ताईने नवीन कुत्री घेणं बंद केलंय. "आहेत तीच कुठे नेऊ गं?" म्हणाली.

मला कुत्री आवडत नाहीत, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. ताई आवडते.

बुधवार, ६

माप घ्यायला कुत्रं हवं म्हणून ताईकडे गेले. एक धड उभं राहील तर शपथ! एकाने टेप पळवली, एकीने चप्पल. शेवटी ताईने तिपाईला आणलं. याचा पुढचा डावा पाय गाडीखाली गेलेला, म्हणून हे नाव. पण गुणाचा! उभा केला की हलायचं नाव नाही. कागद अंगावर लपेटला, खडूने आखला, दहा मिनिटांत फर्मा तयार.

रविवार, १०

झाले बारा! एका बैठकीत कापले, चार दिवसांत शिवले. पाठीचा खुळखुळा झालाय. हे म्हणतात, "मला जेवायला मिळणार आहे, की मीही दारात बसून भुंकू?" भुंका, म्हटलं.

सोमवार, ११

अरे देवा, अरे देवा!

मॅडमचा लाडोबा दुकानात गादीवर लोळत असतो. पहिला कोट त्याला घातला. उजवा पाय आत गेला. डावा जाईना. मॅडमनी कोट उलटा केला, सुलटा केला. मी वाकून पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. पुढे एकच भोक! बाराच्या बारा कोटांना पुढे एकच भोक! तिपाईचं माप जसंच्या तसं कापलं होतं मी — तीन पायांच्या कुत्र्याचे एक डझन कोट! आणि डावी बाजू इतकी अंगासरशी, की दुसरं भोक पाडावं तर कापडच नाही.

"बाई, कुत्र्याला पाय किती असतात?" मॅडमनी विचारलं. गिऱ्हाइकांसमोर!

"चार," म्हटलं. पहिलीतल्या पोरीसारखं.

कापडाचे पैसे माझ्या अंगावर, वर बारा कोट पुन्हा शिवून द्यायचे. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. ताईला काही सांगितलं नाही, तिचं तिला काय कमी आहे?

मंगळवार, १२

लाडोबाच्या मापाचा नवा फर्मा. भोकं मोजली. दोन. परत मोजली. दोन.

शुक्रवार, १५

मॅडमचा फोन आला तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच उचलला. तर सूरच वेगळा!

त्यांनी माझा एक कोट काचेत टांगला होता, चेष्टा म्हणून. एक निवृत्त मास्तर आपल्या मांजरीचं खाणं घ्यायला आले. विचारलं, हे एकच भोक का? मॅडमनी हसत हसत सगळी कथा सांगितली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "मग त्या कुत्र्याला थंडी वाजत नाही का? बांधा हा. त्याला पाठवा." पूर्ण पैसे देऊन गेले! रांगेतल्या बाईने ऐकलं, तिनेही एक घेतला. संध्याकाळपर्यंत सात गेले. सातही जणांचं एकच — त्याला द्या.

आता एक तिपाई सात कोट घालून काय करणार? पण भांडी घासता घासता डोक्यात एकदम उजेड पडला. ही माणसं स्वतःच्या कुत्र्यावर पाण्यासारखा पैसा ओततात. दुसऱ्याच्याही कुत्र्यावर ओततील, फक्त ते कुत्रं त्यांना दिसलं पाहिजे. "मुक्या प्राण्यांना मदत करा" म्हटलं की माणूस मान वळवतो. तिपाई म्हटलं की पाकीट काढतो.

शनिवार, १६

आज मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी भांडले आणि जिंकले!

मॅडमची आधीच तयारी होती. "दोन पोती खाणं पाठवते तुमच्या ताईंकडे. छान फोटो काढू."

"पोती नकोत," म्हटलं. "पोती पंधरा दिवसांत संपतात. प्रत्येक कोटामागे हिस्सा द्या. जितके कोट विकाल तितके दिवस कुत्री जेवतील."

"मी धर्मशाळा उघडलेली नाही, बाई."

"मीही नाही. मग कोट दुसरीकडे शिवून घ्या."

बोलून गेले आणि टेप गुंडाळून पिशवीत टाकली. चेहरा दगडासारखा! ऐन हंगाम, हातात साठ कोटांच्या ऑर्डरी, आणि गावात मखमलीवर सुई न घसरू देणारी मी एकटी. मॅडमनी ऑर्डरींची वही उघडली, पानं मोजली. मग म्हणाल्या, "किती?"

दहावा हिस्सा! शिवाय प्रत्येक कोटाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ताईकडच्या एका कुत्र्याचा फोटो आणि दोन ओळी. तुमच्या पैशातून कोणाचं पोट भरलं ते कळू दे की.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "मॅडमना धमकी दिलीस? तू?" जसं काही घरात कधी ऐकलीच नाही!

रविवार, २४

चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. ताई सांगत होती, मी लिहीत होते. "मला दिसत नाही, पण तुमच्या पावलांवरून तुम्ही दमलात का ते मला कळतं." "मी चपला पळवते. चावत नाही, नुसती पळवते." एकेकाची गोष्ट सांगताना ताई दोनदा उठून बाहेर गेली.

रविवार, ८ डिसेंबर

आंधळी गेली! शेडमधून नाही, घरी गेली! एका नर्सबाईने पुतणीच्या कुत्र्याला कोट घेतला, चिठ्ठी वाचली आणि आपण जिला जेवण दिलं ती बघायला बस पकडून आली. ही तिच्या पायांशी गेली आणि तिथेच पसरली. ताईने मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी केली. घरात जिना आहे का, दिवसभर कोण असतं, रागावता का. नर्सबाईने बिचारीने सगळी उत्तरं दिली.

शनिवार, १४

आणखी तीन गेली. चप्पलचोरसुद्धा! माझा दुसरा जोड घेऊनच गेली.

शनिवार, २१

मॅडमनी आज बोलावून घेतलं. वाटलं, हिस्सा बंद करताहेत. मी आतून बाह्या सारूनच गेले. तर म्हणतात, "बाई, पट्टे, गाद्या, खेळणी, सगळ्यावर चिठ्ठ्या लावायच्या. गिऱ्हाईक विचारतं, या गादीवर चिठ्ठी का नाही? समोरच्या दुकानातली माणसं इकडे यायला लागलीत." हिस्सा सगळ्यावर! मी "बघते, वेळ मिळाला तर लिहिते" म्हटलं आणि बाहेर येऊन फुटपाथवर एकटीच हसले. लोक बघत होते. बघू देत!

तिपाई गुरुवारी मास्तरांकडे गेला. मांजरीने त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली म्हणे, आता दोघं एकाच गादीवर झोपतात. मला बरं वाटलं. घरी आल्यावर थोडं रडूही आलं. कांदा चिरत नव्हते.

मंगळवार, ३१

जागामालक अकरा वाजता आला, किल्ली मागायलाच. ताईने पाकीट पुढे केलं. दुप्पट भाडं, तीन महिन्यांचं. त्याने उघडून पाहिलं, परत पाहिलं, तोंड आंबट केलं.

"मी त्या गाड्या धुणाऱ्याला शब्द दिलाय. त्याला काय सांगू?"

"आमच्याकडे गाडी आली की त्याच्याकडेच धुवू म्हणावं," ताई म्हणाली.

माझी साधी, कोणाला उलट न बोलणारी ताई! त्याने गुपचूप सही केली. तो गेल्यावर आम्ही दोघी साठीला टेकलेल्या बायका शेडमध्ये हात धरून नाचलो. या दहा दिवसांत आणखी चार गेली होती; उरलेली पाच कुत्री आमच्याभोवती भुंकत गोल गोल पळत होती. जिंकलो, जिंकलो, जिंकलो!

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी शेडवर गेले तर ताई चुलीपाशी बसलेली. सवयीने मोठं पातेलं भरून भात शिजवला होता. मग हाका मारल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. शेवटचं कुत्रं काल संध्याकाळी गेलं. "खायला कोणी उरलंच नाही गं!" म्हणाली, आणि हसतेय की रडतेय ते मला कळेना. आम्ही दोघींनीच पायरीवर बसून तो अळणी भात खाल्ला. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांचा फोन. नाल्यात सहा पिल्लं सापडलीत, कुठे ठेवू? हातात घास तसाच धरून ताई ओरडली, "आणा! जागाच जागा आहे!"