चौकातला वीस फुटी डिजिटल

११ जानेवारी
माझं आयुष्य पालटलं ते आज दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी. पुण्याच्या फुटबॉल क्लबचे कोच अभिराम सर म्हणाले, ‘मिडफिल्डर म्हणून एक वर्षाचा करार. दुसऱ्या कुठल्याही टीमकडून खेळायचं नाही. वाचून सही कर.’ सात पानं! वाचायचंच असतं तर बी.कॉम. सोडलं असतं कशाला? सही केली. तेवढ्यात संयोगिताचा मेसेज. अभिनंदन, पुढं हिरवं हार्ट. हिरवं म्हणजे मैदान. पोरगी विचार करून पाठवते.

३ फेब्रुवारी, पुणे
चौथी मॅच, चौथ्यांदा बाकावर. सर म्हणतात, बॉल आला की पास दे. मी काय पोस्टमन हाय? मिडफिल्डर टीमचा मेंदू असतो. मेंदू बाकावर बसवलाय.
संकल्प : उद्यापासून चिडायचं नाही.

४ फेब्रुवारी
चिडलो. कारण होतं. पाण्याच्या बाटलीला लाथ घातली, ती सरांना लागली. गोलकीपर म्हणाला, सीझनमधला तुझा हा पहिलाच शॉट नेमका बसला. त्याच्याशी बोलणं बंद.

१९ फेब्रुवारी, कोल्हापूर
चार दिवसांची सुट्टी. आमच्या पेठेतल्या तालमीचे पिराजीअण्णा घरी आले. रविवारी तालमीच्या फुटबॉल टीमची फायनल, पलीकडच्या पेठेशी. चौदा वर्षांत कप नाही. म्हटलं, करारात बसत नाही. अण्णा म्हणाले, ‘तालीम म्हंजे दुसरी टीम व्हय रं? तालीम म्हंजे घर की!’ कायदेशीर मुद्दा बरोबर आहे.
संयोगिताचा फोन : खेळू नकोस, करार जाईल. किती काळजी! आणि मॅच बघायला येणार आहे. म्हणजे खेळायलाच पाहिजे. गुपचूप. यादीत नाव ‘गुंडू’, डोक्याला पट्टी. कोण ओळखतंय?

२२ फेब्रुवारी
जिंकलो! गोल उदयसिंहचा, पास माझा. पाय मुरगळला म्हणून द्यावा लागला. गुलाल, हलगी. संयोगिता उभी राहून ओरडत होती. सगळं स्टँड उभं होतं, पण ती जरा जास्त.
सरांना कळवलं, ताप आहे, आठवडाभर अंथरुणातून उठवत नाही.

२४ फेब्रुवारी
तालमीनं चौकात अभिनंदनाचा डिजिटल, म्हणजे फ्लेक्स, लावला. बघून टाळकंच सटकलं. उदयसिंह म्हशीएवढा, मी पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि खाली ‘गुंडू’! अण्णांशी कडाडून भांडलो. अण्णा म्हणाले, ‘गुपचूप ऱ्हायचं ठरलंतं न्हवं?’ म्हटलं, म्हणून काय फोटो एवढासा? संयोगिता रोज त्याच चौकातून क्लासला जाते!
वीस फुटी पाहिजे. पूर्ण नाव. खाली ‘पुण्याच्या क्लबचा प्रोफेशनल मिडफिल्डर’. मजकूर मीच लिहून दिला.

२७ फेब्रुवारी
लागला. गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. संयोगितानं स्टेटसला ठेवला, खाली हसणारा चेहरा. हसली म्हणजे जमलंच.

१ मार्च
अभिराम सर जोतिबाच्या खेट्याला, रविवारच्या दर्शनाला आलेले. माझा ताप बघायला प्रसादाचा नारळ घेऊन घराकडं निघाले. चौकात पत्ता विचारला, तर लोकांनी वर बोट दाखवलं. म्हणे वीस मिनिटं ट्राफिकमध्ये माझ्याच खाली उभे होते.
मी अंगणात मिसळ खात होतो. सर चिडले नाहीत. चिडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. नारळ हातात ठेवला, म्हणाले, फोटो छान आलाय, करार संपला.

२ मार्च
अण्णांनी डिजिटल लावलाच कशाला? उदयसिंहनं गोल मारलाच कशाला? संयोगिताला पाच ओळी लिहिल्या. उत्तर : ‘सांगितलेलं तुला.’ हार्ट नाही. कुठल्याच रंगाचं.
दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, ‘कालिज न्हाई, क्लब न्हाई. गोठ्याचं पत्रं गळतंय, तुझा डिजिटल तरी काढून आण. वीस फूट हाय न्हवं? बरोबर बसतंय.’
असल्या घरात क्षणभर राहणार नाही. निघालो. दार असं आपटणार की अख्ख्या पेठेला कळलं पाहिजे.
दादा आतून म्हणतायत, ‘दार हळू लाव, म्हस बुजती. आन् शिडी घिऊन जा.’
शिडी घेतली. दार हळूच लावतोय.