दाजी, चिंगीचा खुबा तपासून आणला

प्रिय दाजी,

गेल्या महिन्यात एका दुपारी पुण्याहून चिंगीचा निकाल आला. तुम्ही असता तर मी फोन कानाला लावायच्या आतच गोठ्यातून विचारलं असतं, "काय म्हणत्यात डाक्टर?" त्या दिवशी गोठ्यातून कुणी विचारलं नाही, म्हणून हे पत्र. ही खटपट तुम्हीच आमच्या गळ्यात बांधून गेलात. तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुम्ही गेलात तेव्हा चिंगी जेमतेम दोन महिन्यांची होती. आपल्या राणी कुत्रीच्या पिल्लांतलं जगलेलं हे एकच. तुमची डावी चप्पल चावायची, ती अजूनही चावतेय. आक्का ती तिच्याकडून काढून घेत नाही.

खरं तर ही गोष्ट सुरू झाली टायगरपासून. आठवतो ना? हातकणंगल्यात म्हशी पाळणाऱ्या माणसानं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं म्हणून गल्ली गोळा झाली होती. तुमची तरुणपणची वर्षं तालमीत गेलेली. मग घरात आलेलं जनावरही पैलवानच व्हायला पाहिजे! त्याला धारोष्ण दूध, अंडी, वर कॅल्शियमची पावडर. सकाळी तुमची मोटारसायकल पुढं आणि स्टेशनपर्यंत टायगर मागं. वर्षभरात त्याचं अंग असं भरलं, की अनोळखी माणूस गेटपाशीच थांबायचा.

आणि त्याची ती चाल! मागचा भाग डावीउजवीकडं डुलवत तो अंगणातून जायचा तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसायचा. "चाल बघा की पावणं. कुस्तीला निघाल्यागत हाय." मीही मान डोलवायचो. लोक तर 'असल्याच चालीचं पिल्लू पायजे' म्हणून सांगून ठेवायचे, आणि तुम्ही ते हौसेनं द्यायचा. खुब्यात कळ येते म्हणून तो जीव डुलतोय, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात यावं? आपल्याकडं डुलत चालणं म्हणजे ऐट.

मग तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. आणि एका सकाळी उठेचना. त्याला दुधाच्या टेम्पोत घालून तुम्ही राजारामपुरीत माझ्या घराजवळच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंकडं आणलं. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून अर्धा बाहेर आलेला मलाही दिसत होता. बाईंनी खुराक विचारला. तुम्ही तो अभिमानानं सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, की खुब्याचा सैलपणा जन्मानं येतो, तो तुमच्या हातात नव्हता. पण वाढत्या वयात चढवलेलं वजन आणि गाडीमागचं पळणं, हे त्या सैल सांध्यावर तुम्ही लादलंत.

परतीच्या वाटेवर हातकणंगल्याच्या अलीकडं टेम्पो बाजूला घेतलात आणि म्हणालात, "पावणं, मी त्याला पैलवान केला न्हाई. पांगळा केला."

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी मला तुमचे आभार मानायचे आहेत. जिवंतपणी मानले असते तर तुम्ही 'पेपरात छापा' म्हणून चेष्टा केली असती. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. तुम्ही टायगरचं पिल्लू दिलेल्या प्रत्येक घरी गेलात. नेसरीला मी बरोबर होतो. पिल्लू नेलेल्या अण्णांच्या दारात आपण पोचलो, आणि त्यांनी रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं केला. वाईट बातमी असली तरी पाहुण्यानं आधी पाणी, चहा घ्यायचा आणि मग हळूच विषय काढायचा, ही आपली पद्धत. तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात. "आधी सांगतो, मग पाणी द्यायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा."

अण्णा काय भडकले होते! तुमच्या तालमीपासून म्हशींपर्यंत सगळं काढलं त्यांनी. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सगळं ऐकलंत. सगळं बोलून झाल्यावर त्यांनीच तांब्या पुन्हा भरून आणला, जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना बजावलं, की चांगल्या खुब्याचं पिल्लू झालं की पहिलं माझं. मी उमेदीची सगळी वर्षं वर्तमानपत्रात घालवली, पण वाईट बातमी आधी आणि उभ्यानं सांगायची असते, हे मी त्या उंबऱ्यावर शिकलो.

म्हणून राणीच्या वेळी तुम्ही थांबलात. टायगरची लेक, तुमची सगळ्यांत लाडकी, तरी दोन वर्षांची होईपर्यंत तिला नर दाखवला नाही. बाईंनी तिचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला, तो चांगला आला, मगच ही पिल्लं झाली. चिंगीला दाखवायला नेलं तेव्हा बाईंनी दुसरी पद्धत सांगितली. पाय ताणले, की सांध्याभोवतालच्या आवरणाला पीळ बसून ते घट्ट होतं आणि थोडाफार सैलपणा लपू शकतो. दुसऱ्या पद्धतीत पिल्लाला पूर्ण भूल देतात, मांड्यांमध्ये एक साधन ठेवून गोळा खोबणीतून किती बाहेर सरकतो ते मोजतात आणि तो आकडा त्याच जातीच्या इतर कुत्र्यांशी ताडून बघतात. ही तपासणी चार महिन्यांनंतर केव्हाही होते. पण तिचं वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि तो पुण्याला. बाईंनी कुठल्याच पद्धतीला नावं ठेवली नाहीत. एक सांगते आज सांधा कसा दिसतो, दुसरी सांगते पुढं धोका किती, असं त्या म्हणाल्या.

तुम्हाला ते एका वाक्यात कळलं होतं. "म्हंजे फोटोला छाती काढून उभारणं येगळं, आन् मातीत उतरणं येगळं." बाई हसल्या होत्या. चिंगीला चार महिने झाले की पुण्याला न्यायचं, हे तुम्ही तिथंच ठरवून टाकलंत.

आणि दाजी, त्याच महिन्यात जिना चढताना तुम्हाला दम लागत होता. आक्का रोज म्हणत होती, छाती दाखवून या. तुम्ही म्हणायचा, "गॅस हाय." ओवा खायचा आणि धार काढायला बसायचा. कुत्रीचा खुबा चार महिन्यांत तपासायची घाई असलेल्या माणसाला स्वतःच्या छातीची कसली घाई नव्हती? रागानं विचारत नाही. पण विचारल्याशिवाय राहवतही नाही.

तुम्ही गेल्यावर निवड आमच्यावर आली. खरं सांगू? मी थांबायच्या मताचा होतो. मला आक्का दिसत होती. तिचा दिवस चिंगीच्या मागंपुढं जात होता. चिंगी मोठी होईल, तिला पिल्लं होतील, तुमच्या हातचं काहीतरी अंगणात खेळत राहील, एवढ्यावरच ती उभी होती. दोन वर्षांनी राजारामपुरीतच एक्स-रे काढू, तोवर तिची आशा तरी राहील, असा माझा हिशेब. आत्ता निकाल वाईट आला तर तिला कोण सावरणार?

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. एवढ्या लहान जिवाला पूर्ण भूल, पुण्याचा प्रवास, घाई काय आहे, असं बरंच. ती म्हशीची पेंड कालवत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांचं उशिरा कळालं. हिचं तरी येळंत कळू दे."

मी पुण्याला फोन लावून वेळ घेतली.

चिंगी गाडीत आक्काच्या मांडीवर झोपली. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग भूल दिली. आक्का बाहेरच्या बाकावर तुमची ती चप्पल पिशवीत घेऊन बसलेली. जागी झाल्यावर हिला ओळखीचं काहीतरी लागंल, म्हणाली. खरंच, चिंगीनं डोळे उघडले आणि आधी चप्पल हुंगली.

तर निकाल. तुमच्याच रीतीनं, आधी आणि सरळ सांगतो. दोन्ही खुबे जातीच्या मानानं सैल आहेत, डावा जास्त. आज तिला काही दुखत नाही. पुढं सांधे धरायचा धोका मोठा आहे. वजन काटेकोर ठेवायचं, जिने आणि उड्या बंद, आणि पिल्लं घ्यायची नाहीत, हिचीही आणि राणीचीही.

टायगरचा वंश तुमच्या घरात इथं थांबला, दाजी.

मी आक्काकडं बघायचं टाळत होतो. तिनं पदरानं हात पुसले आणि मला म्हणाली, अण्णांना फोन लाव. चहा ठेवू का विचारलं, तर नको म्हणाली, आधी फोन. तिनं त्यांना उभ्यानंच सांगितलं, की पिल्लाची वाट बघू नका, हिचा खुबा सैल निघाला. पलीकडून अण्णांचा आवाज नेहमीसारखा मोठ्यानं आला, मलाही ऐकू गेला. "वैनी, पिल्लाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरातनं खोटं जनावर भाईर पडत न्हाई, एवढं मला बास हाय. हिला सांभाळा."

फोन ठेवल्यावर आक्का रडली. मग चिंगीचा कान धरून म्हणाली, "बरं झालं. आता तुला कुठं जायचं न्हाई, आन् मलाबी."

दाजी, टायगरचं आपल्याला तो उठेना तेव्हा कळलं. चिंगीचं ती गोठाभर पळतेय तेव्हाच कळलं. पुढची ही सगळी वर्षं तिला तुमच्या घाईनं मिळाली. चिंगीच्या वाटणीचं दूध आता तुमची दुसऱ्या वेताची म्हैस आपल्या रेडकालाच पाजते. चिंगी वर चढू नये म्हणून गच्चीच्या जिन्याला मी आडवी फळी ठोकली. रोज तिच्या बरगड्यांवर हात फिरवायचा, बोटांना त्या लागल्या पाहिजेत, हे आक्काला बाईंनी शिकवलंय. गल्लीतले म्हणतात, पोर वाळली. आक्का म्हणते, वाळू दे.

माझ्याही बरगड्यांवर तिचं लक्ष आहे. परवा तुमच्याच जिन्यावर मी मधल्या पायरीला दम खायला थांबलो, तर ती खाली उभी राहून माझ्याकडं बघत होती. सोमवारी राजारामपुरीत माणसांच्या डॉक्टरांकडं माझी छाती दाखवायची वेळ तिनं परस्पर घेऊन टाकली आहे.

जातो, दाजी. शब्द देतो. डॉक्टरांनी विचारलं तर गॅस म्हणणार नाही.

तुम्ही शेवटपर्यंत ज्याला नावानं हाक मारली नाहीत,
तो तुमचा पावणं