बोटीवरची शांतता

३ तारीख, सोमवार

रोजनिशी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी जन्मभर म्हणत आले. आज लिहायला बसले ती नाइलाजाने. भाच्याच्या चित्रपटाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, अशी सही त्याने माझ्याकडून घेतली आहे आणि गोष्ट पोटात ठेवणं मला कधीच जमलेलं नाही. वही निदान चहाड्या करत नाही.

तर, निवृत्त बाईला नोकरी लागली. रेडिओत सगळं आयुष्य मी ध्वनिफिती कापण्यात घालवलं. आता भाच्याच्या माहितीपटाचा आवाज स्वच्छ करायचा. भर समुद्रात निर्वासितांना वाचवणाऱ्या एका जहाजावर तो दोन महिने राहून आला. बरोबर गेलेला ध्वनिमुद्रक परत आल्या आल्या काम सोडून घरी बसला, म्हणून मावशीची आठवण झाली. तोंडावर मात्र म्हणाला, मावशी, तुझ्यासारखे कान आता बनत नाहीत. मी म्हटलं, लोणी लावू नकोस, ही डुगडुगणारी खुर्ची बदलून दे.

तिसरा मजला. खोली ऐसपैस, दुपारपर्यंत ऊन. माझ्या पाठीशी निवेदन मुद्रित करायची छोटी खोली. भाचा तिला डबा म्हणतो. चारी भिंतींना जाड गाद्या, खिडकी नाही, दाराला फ्रिजसारखं रबर. आत माणूस आहे हे सांगणारा दारावरचा लाल दिवा कधीचा जळून बंद पडलेला. आतून दाराची मूठ अडकते. रखवालदाराने पहिल्याच दिवशी बजावलं, बाई, आधी उचलायची, मग ओढायची. खालचा मजला रिकामा, त्यामुळे कटकट नाही.

भाचा आला तो लहानपणासारखंच दार वाजवून: दोन पटापट, एक रेंगाळून. बहीण गेल्यापासून तो माझ्याच हाताखाली वाढला. गेल्या वाढदिवसाला दिलेलं घड्याळ हातात होतं. बरं वाटलं. तसं बोलून दाखवलं नाही.

५ तारीख, बुधवार

आमच्या धंद्यात शांतताही मुद्रित करावी लागते, हे लोकांना सांगितलं तर हसतात. पण प्रत्येक जागेची शांतता वेगळी. चित्रण आटपलं की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प उभं करतो आणि मिनिटभर नुसती ती जागा मुद्रित करून घेतो. पुढे दोन वाक्यांच्या मधल्या भोकाला तेच ठिगळ लावायचं. नाहीतर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं.

मोठ्या बचावाच्या दिवशीची शांतता फार चांगली मिळाली आहे. भाच्याने जहाजाचं इंजिनही बंद करायला लावलं होतं. पाण्याची चुळबुळ, दोराची करकर. आणि मागे कुठेतरी ठक, ठक, ठक. लाकडावर काहीतरी आपटत असावं. ते पुसायला वेळ लागेल.

चहा येईपर्यंत चाळा म्हणून मीही टेबलावर अंगठीने ठक, ठक, ठक केलं. कानातले ठोके थांबले. मग नेमक्या माझ्याच लयीत परत तीन. योगायोग कसे जुळून येतात!

७ तारीख, शुक्रवार

काल पुसलेले ठोके आज पुन्हा जागेवर. शिवाय बंदरावरच्या दवाखान्याच्या शांततेतही तेच. कप्तानाच्या केबिनमध्येही तेच. भाचा म्हणाला, फाइली एकमेकींत मिसळल्या असतील. मी म्हटलं, मी मिसळत नाही. तेव्हा तो चिडला. लाटा आहेत गं मावशी, काढून टाक की! असं बोलून त्याने कॉफीचा कप तसाच ठेवला आणि गेला. माझ्याशी तो कधी आवाज चढवून बोलत नाही.

ध्वनिमुद्रकाला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. ते बोलत नाहीत हो, म्हणाली. घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून गच्चीवर नेऊन ठेवलीत, न्हाणीघराचंसुद्धा. शेजारीपाजारी हसतात. मग फोनवर हात ठेवून कोणाशी तरी बोलली आणि म्हणाली, ते विचारताहेत, तुम्ही उत्तर दिलंत का? देऊ नका म्हणताहेत. मी म्हटलं, आवाजांना उत्तरं देत बसायला मी काय खुळी आहे? फोन ठेवल्यावर अंगठीकडे लक्ष गेलं.

१० तारीख, सोमवार

पडद्याखालचा अनुवाद तपासायला दुभाषी बाई आली. बोलकी आहे, हसरी आहे. वाचलेल्यांपैकी बरीच माणसं याच शहरात राहतात, त्यांच्याकडे तिचं येणंजाणं असतं. शांतता मुद्रित होत असताना कॅमेरा चालूच राहिला होता, ते दृश्य तिने पहिल्यांदाच पाहिलं.

जहाजाच्या डेकवर वाचलेली माणसं ब्लँकेट पांघरून बसली आहेत. मागे त्यांची लाकडी बोट, अर्धी उलटलेली, पाण्यावर. आमची माणसं पुतळ्यासारखी उभी. एक बाई हात वर करते. बोटीकडे दाखवते. काहीतरी बोलते. मग मुठीने कठड्यावर वाजवून दाखवते, ठक, ठक, ठक. पडद्याच्या कडेने एक हात येतो. हाताचं बोट तिच्या ओठांसमोर उभं राहतं. गप्प. बाई गप्प बसते. मदत करणाऱ्यांचं ऐकायचं असतं, एवढंच तिला कळलेलं.

दुभाषी बाईचं हसू गेलं. म्हणाली, ही म्हणतेय, खाली आहेत अजून. बोटीच्या पोटात. माझी बहीण आहे.

त्या हातात मी दिलेलं घड्याळ होतं.

पुढच्या दृश्यात जहाज वळतं. तिथे निवेदनाचं वाक्य आहे: त्या दिवशी एकही जीव मागे राहिला नाही.

११ तारीख, मंगळवार

भाच्याला समोर बसवून ते दृश्य दाखवलं. आधी म्हणाला, मला तिची भाषा येत नाही. मग म्हणाला, एकच मिनिट होतं गं. मग रडला. हा चित्रपट गेला तर मी संपलो, मावशी. गुरुवारी पहिला खेळ आहे.

मी सांगितलं, ठोके राहतील. ते वाक्य जाईल. त्या जागी काय घडलं ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं. उद्या संध्याकाळपर्यंत नाही सांगितलंस, तर मी सांगेन. सही गेली खड्ड्यात. तो उठला. दारात थांबला. मावशी, तुला ते ठोके मशीन बंद असतानाही ऐकू येतात का, असं विचारून गेला.

येतात. काल दुपारपासून. जमिनीखालून. खालच्या मजल्यावर जाऊन आले: कुलूप, धूळ, कोणी नाही. परत वर आले तर माझ्या टेबलाखाली ओल. बोट लावून चाखलं. खारट.

१२ तारीख, बुधवार

आज मीही हट्टाने आले. भाचा नाही. फोन बंद. तोंड चुकवतो आहे.

बसल्या बसल्या सुरू झाले. आज खालून नाहीत, मागून. गादीतून यावेत तसे मुके. आणि ठक ठक ठक नाही — दोन पटापट, एक रेंगाळून.

भाच्याची खोड त्या ठोक्यांनी उचलली आहे. माझी लय जशी उचलली तशी. त्यांना मला वळून बघायला लावायचं आहे. मी ओळखून आहे. उत्तर द्यायचं नाही. पंखा पूर्ण वेगात, कानांवर हेडफोन. काम.

दुपार. अजून चालू. पुन्हा पुन्हा तेच, मग नुसतेच धडाधड, मग पुन्हा दोन आणि एक. मी वळले नाही.

थांबले. जिंकले म्हणायचं. हेडफोन काढला, पंखा बंद केला. जिंक—

रखवालदार विचारतो आहे, साहेब अजून वरच का? म्हणे, पहाटेच आले. स्कूटर खाली आहे.

टेबलाचा खण उघडला. त्याचा फोन आत. मुद्रण करताना फोन बंद करून ठेवायचा, हे मीच त्याला शिकव—

डबा

१४ तारीख

दार उघडलं तेव्हा पाणी बाहेर आलं. तिसऱ्या मजल्यावर. गाद्या छतापर्यंत भिजलेल्या.

पोलीस विचारतात, पाणी कुठून. डॉक्टर म्हणतात, खारं होतं. मी विचारलं, किती वेळ — त्यांनी सांगितलं नाही.

आतलं यंत्र चालू राहिलेलं. ऐकलं. आधी त्याचा आवाज. सगळं सांगतो. घड्याळ घातलेला तो हात माझा होता, ती बाई म्हणत होती खाली माणसं आहेत, मी तिला गप्प केलं. नीट, न अडखळता. मग खुर्ची सरकते. दाराची मूठ. पुन्हा मूठ. हसतो, म्हणतो, पुन्हा अडकली. मग वाजवतो. मावशी आली वाटतं, म्हणतो. आली, पंखा लावला तिने.

मग पाणी.

पुढचं मी लिहिणार

१६ तारीख

दुभाषी बाई येऊन गेली. बोटीवरच्या त्या बाईसाठी तिच्या हाती सुपूर्द केलं:

बचावाच्या दिवशीची शांतता, न पुसलेली.

हात वर केल्याचं दृश्य, न कापलेलं.

माझ्या भाच्याचं निवेदन, शेवटच्या ठोक्यांसकट.

त्याचं मनगटी घड्याळ, पोलिसांकडून परत आलेलं. काचेच्या आत पाणी. चालू आहे.

तिने सही केली. माझा हात धरला, चला म्हणाली, इथे थांबू नका. मी म्हटलं, वही राहिली आहे, तीही देते, उद्या ये.

पोलीस गेल्यावर डब्याला कुलूप लावलं, त्याची किल्ली दिलेली नाही. कुलूप मीच

खालून. ठक, ठक, ठक. पुष्कळ आहेत. बायका असाव्यात, हलक्या मुठी — पायांखाली ओल — थांबा, थांबा गं, येते —

आता मागून. दोन पटापट.

तिसरा अजून —

आले रे बाळा, ऐकलं मी. उचलून मग ओढ, मी बाहेरून