तोंड दिसलं पाहिजे

नारायण पेठ, पुणे
६ जानेवारी

ति. ललिताताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी अट वाचून आधी रागच आला. नागपूरचं घर विक आणि कायमची पुण्याला माझ्याकडे ये, असं मी ऑक्टोबरपासून लिहितो आहे, आणि तू कळवतेस की पत्रात सगळेच गोड लिहितात, तुझ्या तोंडून बघितल्याशिवाय मी घराच्या कागदांवर सही करणार नाही. सख्ख्या भावाच्या शब्दावर इतका विश्वास. पण कान गेल्यापासून तू समोरच्याचे ओठ वाचूनच बोलणं समजून घेतेस, हेही खरं. फोन तुझ्या उपयोगाचा नाही. मोबाइलवरच्या काडेपेटीएवढ्या चित्रात माझे ओठ तुला मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दिसायचे नाहीत. म्हणून म्हटलं, ठीक आहे, कॉम्प्युटरला कॅमेरा बसवू. हे वाक्य लिहायला फार सोपं आहे.

अनिरुद्धने त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिलेला आहेच. कॅमेरा तेवढा नवीन आणला. दुकानदाराला विचारलं की हा माझ्या यंत्राला चालेल का. त्याने मान वर न करता सांगितलं की चालत नसता तर काचेत मांडला नसता. हे ऐकून घेऊन मी पैसेही दिले.

घरी येऊन पुढच्या खाचेत वायर खुपसली तर काहीच नाही. आमच्या चिरंजिवांनी, अनिरुद्धने, ऑफिसमधून फोनवर सांगितलं की पुढच्या खाचा मेलेल्या आहेत, मागच्या बाजूला लावा. मागची बाजू म्हणजे टेबलाखाली भिंतीकडे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तिथे पालथं पडून जे पाहिलं ते तुला जेवणाआधी वाचायला लागू नये. केसांचे गुंते, बोटभर धूळ, मेलेलं झुरळ आणि बहुधा तेच खायला येऊन मेलेली पाल. मला शिसारी आली. आंघोळ करून पुन्हा आंघोळ केली.

मागच्या खाचेत कॅमेऱ्याचा दिवा लागला, चित्रही आलं, पण सगळं धुरकट. पडद्यावर मी नसून माझी वाफ बसली आहे असं वाटत होतं. चष्मा पुसला, ट्यूब बदलली, पडदा ओल्या फडक्याने पुसला. वाफ जागची हलली नाही. अनिरुद्धला वेळ नाही, आणि सुनेला, सोनालीला, विचारलं तर ती हसेल. तू तुझ्याकडे कॅमेरा बसवून झाला असं लिहिलंस, तो कसा बसवलास तेवढं कळव. इथे खोली तुझी वाट बघते आहे, उजेडाची आहे, काळजी करू नकोस.

माझी चिडचिड बाजूला काढून उरेल ती माया तुझी.
सुखदेव

---

जरीपटका, नागपूर
१३ जानेवारी

चि. सुखदेव यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. हसण्याचा आवाज किती मोठा होतो ते आता मला कळत नाही ना.

माझा कॅमेरा एका दुपारी बसला, कारण मी डब्यातला कागद वाचला. तू आयुष्यभर पाटबंधारे खात्यात लोकांना नियम वाचायला लावलेस आणि स्वतः कधी सूचना वाचली नाहीस. कॅमेऱ्याच्या भिंगावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, वाटेत ओरखडा पडू नये म्हणून. ते नखाने काढ. तुझी वाफ जाईल. दुसरं, पाठीमागे खिडकी घेऊन बसू नकोस, तोंड काळं दिसेल आणि ओठ वाचता येणार नाहीत. उजेड समोरून पाहिजे. तिसरं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेव. खाली ठेवलास तर मला फक्त तुझ्या नाकपुड्या दिसतील, आणि त्यांतून मला काही वाचता येत नाही.

अटीचं वाईट वाटून घेऊ नकोस. इथे मी एकटी आहे आणि आता भीती वाटते. गेल्या आठवड्यात कुकरमधलं पाणी आटून वरण जळलं, शिट्या झालेल्या मला कळल्याच नाहीत. गॅसवाला दार वाजवून निघून गेला. असं पुढे किती दिवस रेटायचं. घर घेणारे गिऱ्हाईक बरे आहेत, महिनाअखेर उत्तर मागतात. पण एकदा हे घर हातचं गेलं की मला परतायला जागा नाही. म्हणून तुला बघायचं आहे, बाकी काही नाही. तुझी बायको गेली तेव्हा आले होते, त्यानंतर तुझं तोंड पाहिलेलं नाही.

सोनालीला नि अनिरुद्धला माझे आशीर्वाद. ती हसली तर हसू दे, पण तिला विचार.

रागावलास तरी माझाच असशील, म्हणून निश्चिंत असलेली,
ताई

---

नारायण पेठ, पुणे
२० जानेवारी

ति. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

प्लास्टिक होतं. काढलं. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

त्यानंतर चित्र स्वच्छ झालं, म्हणजे नवं संकट सुरू झालं. स्वच्छ चित्रात मी दिसलो. गालांची पिशवी, कानांतून बाहेर आलेले केस, आणि बोलताना दातांची कवळी खालीवर होते ती. आरशात माणूस स्वतःला सांभाळून घेतो, हा कॅमेरा सरकारी पंचनामा करतो. हे असं तोंड घेऊन मी रोज बाहेर भाजी आणायला जातो आणि लोक गप्प बसतात, याबद्दल पेठेचे आभार मानले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी चित्र गेलं. पडदा काळा. मी यंत्र बंद करून चालू केलं, वायर काढून लावली, पुन्हा टेबलाखाली गेलो. शेवटी सोनालीला विचारलं. ती हसली नाही. तिने दाखवलं की अनिरुद्ध रात्री याच यंत्रावरून ऑफिसच्या मीटिंगला बसला होता आणि तो कार्यक्रम मागे तसाच चालू राहिला होता. एका वेळी एकालाच कॅमेरा मिळतो. तो बंद केल्यावर यंत्राने मलाच विचारलं की कॅमेरा वापरायची परवानगी देता का. मीच विकत आणलेला कॅमेरा, माझंच तोंड, आणि परवानगी मीच द्यायची. दिली.

मग चित्र अडकायला लागलं. तोंड उघडं राहायचं ते तसंच. असे अडकलेले ओठ तू वाचले असतेस तर मी जांभई देतो आहे एवढंच कळलं असतं. नेट हवेतून घेण्याऐवजी सोनालीने लांब वायर ओढून यंत्राला जोडली, तेव्हा ते सुरळीत झालं. वायर घरभर पसरली आहे आणि मी रोज अडखळतो.

टेबल फिरवून उजेड समोर घेतला आहे. पाठीमागे एक चादर लावली आहे, मागची भिंत चकाकते म्हणून. अनिरुद्धने जाता जाता आवाज बंद करायचं बटण दाखवलं. घरातलं काही आपापसात बोलायचं असेल तर ते दाबायचं, पलीकडच्याला काही कळत नाही म्हणाला. या सगळ्या घाणेरड्या प्रकारात एवढी एकच गोष्ट सोयीची वाटली.

तर येत्या रविवारी सकाळी अकराला. जे लिहितो तेच तोंडाने सांगेन. ये म्हणेन. मग सही कर.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
सुखदेव

---

जरीपटका, नागपूर
२६ जानेवारी

सुखदेव यास,

काल तुझं तोंड दिसलं. चित्र अडकलं नाही, उजेड हवा तसा होता, ओठ स्पष्ट होते. कॅमेऱ्याचं काम तू चोख केलंस.

सुरुवातीला तू म्हणालास की ताई ये, खोली तयार आहे. मी वाचलं आणि मला रडू आलं. तेवढ्यात सोनाली चहा घेऊन आली. तिने बहुधा विचारलं की आत्या कधी येणार, तिचे ओठ मला अर्धेच दिसले. तू हात पुढे करून काहीतरी दाबलंस. माझ्या पडद्यावर तुझ्या नावापाशी लाल रेघ आली, आवाज बंद झाल्याची. आणि मग तिच्याकडे न वळता, सरळ समोर बघत तू बोललास.

तू म्हणालास की ती येऊच नये असं बघायचं आहे. बहिरं माणूस घरात घेतलं की दिवसभर घसा फोडायचा. तिचं ते तोंडाकडे टक लावून बघणं मला सहन होत नाही, किळस येते. म्हणून तर हे यंत्र बसवलं, दर रविवारी तोंड दाखवलं की तिची हौस भागेल आणि घर विकायचं खूळ जाईल. एवढं बोलून तू चहाचा घोट घेतलास, बटण पुन्हा दाबलंस आणि माझ्याकडे बघून हसलास.

सुखदेव, तू आवाज बंद केलास. मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी बहिरी आहे हे तुला सुनेला सांगताना आठवत होतं, आणि त्याच वेळी माझ्यासमोर विसरलास. मला कशाची जास्त किळस यावी ते ठरत नाही, तुझ्या बोलण्याची की नंतरच्या हसण्याची. हसणंच असावं. रात्री जेवण गेलं नाही.

सोनालीने ट्रे ठेवताना तुझी ती चादर घसरली. मागे कपडे धुवायचं मशीन होतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्याखाली घडी घातलेली खाट. ते काय होतं ते मी विचारणार नाही. तू सांगशील त्यावर आता विश्वास कसा ठेवू.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आहे. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

ललिता रामटेके

---

नारायण पेठ, पुणे
३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सप्रेम जयभीम.

ते सगळं मी बोललो. शब्द न् शब्द तू बरोबर वाचलास. खोटं लिहून त्यात आणखी भर घालत नाही.

मागे जे दिसलं ती माझी खोली. बाल्कनीला काचा लावून घेतल्या आहेत, तिथे मी, कॉम्प्युटर आणि कपड्यांचं मशीन असे राहतो. मला कोणी तिथे ढकललं नाही. अनिरुद्धला आठवड्यातले काही दिवस घरून काम करायला खोली लागली, तेव्हा मीच मोठेपणाने म्हणालो की मला चालेल. ते मोठेपण आठवडाभर टिकलं. त्यानंतर मला प्रत्येक गोष्टीचा वीट आला. मशीनच्या साबणाच्या पाण्याचा वास माझ्या उशीला येतो, ताई.

तुला खोली लिहिली ती नव्हतीच. लिहिताना बरं वाटायचं, कोणाला तरी घर देऊ करणारा माणूस आहोत असं. तू खरंच निघायला लागलीस तशी मला धडकी भरली. माझ्याकडे जागा नाही हे सुनेसमोर कबूल करायची लाज वाटली, आणि तोंडातून तुझ्या कानांबद्दल निघालं. पण टक लावून बघणं सहन होत नाही, हे मात्र खरं आहे. तू तशी बघत असताना मला थाप मारता येत नाही. त्या रविवारी मारली, तर बघ काय झालं.

सोनाली त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिने विचारलं होतं ते अनिरुद्धचं टेबल हॉलमध्ये हलवून तुला खोली द्यायची म्हणून. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही पाठ फिरवून.

कॅमेरा काढून डब्यात घातला. त्याच्याकडे बघवत नाही. त्याच्यात दिसतो त्या माणसाकडे तर त्याहून नाही.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगायला धजत नाही, तरी तुझाच,
सुखदेव

---

जरीपटका, नागपूर
११ फेब्रुवारी

चि. सुखदेव यास,
जयभीम.

आशीर्वाद सध्या लिहीत नाही. राग आहे, किळसही आहे. हसलास तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. पण हे तुझं पहिलं पत्र आहे ज्यात गोड काही नव्हतं, आणि ते मी दोनदा वाचलं.

सोनालीला मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिने देऊ केलेली खोली मला नको. मी हे घर विकलं नाही आणि आता विकणारही नाही.

इथे दोन खोल्या आहेत. मागची रिकामी आहे, खिडकी कडुनिंबाकडे उघडते, आणि कपड्यांचं मशीन मी घेतलेलंच नाही. मला दार वाजलेलं ऐकू येत नाही, कुकर ऐकू येत नाही. तुला दोन्ही येतं. तुला दिवसभर कुरकुर करायची सवय आहे. उकाड्यावर कर, शेजाऱ्यांवर कर, माझ्या वरणावर कर, पाठ फिरवून हवी तेवढी कर, मला काही कळणार नाही.

फक्त जेवताना समोर बसावं लागेल. मी तुझ्या तोंडाकडे टक लावूनच बघणार, मला दुसरं येत नाही. ते सहन होणार असेल तर निघ.

वाट बघते असं म्हणवत नाही, पण खोली झाडून ठेवली आहे.
ताई